संगणकाचा गाभा घडवितांना

कल्याण स्थानकावर कसाऱ्याकडील व कर्जतकडील गाड्या एकत्र मिळतात. कोणती प्रथम सोडावयाची, कोणती क्षणभर थोपवावयाची, हें सिग्नलची व्यवस्था ठरविते; उतारूंना तिची आठवण गाडी खोळंबल्यावांचून होत नाहीं. संगणकांत हेंच काम 'कर्नल' म्हणजे गाभा करितो. प्रोसेसर, स्मृति व डिस्क यांवर एकाच वेळीं हक्क सांगणाऱ्या आज्ञावलींना तो पाळीपाळीनें वाट करून देतो.

फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या अवघ्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं असा एक गाभा लिहून सर्वांस खुला केला. १९९२ पासून तो जीपीएल या परवान्याखालीं आहे. त्यामुळें त्याचा मूळ मजकूर कोणासही वाचतां, बदलतां व पुन्हां वाटतां येतो. आरंभीं सुमारें १०,००० ओळींचा असलेला हा मजकूर आज ३ कोटींहून अधिक ओळींचा झाला आहे. पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही याच गाभ्यावर उभी असून तींत मराठींतून काम करतां येतें.

हा गाभा स्वहस्तें घडविण्याचा प्रयोग आम्हीं डोंबिवलीस एका जुन्या संगणकावर केला, त्याची हकीकत विद्यार्थिमित्रांस सांगतों. कर्नल-डॉट-ऑर्ग या स्थळावरून मूळ मजकूर उतरवून घेतल्यावर प्रथम त्याची स्वाक्षरी पडताळावी. वाटेंत कोणी ढवळाढवळ केली असल्यास ती यानें कळते. नंतर चालू गाभ्याची मांडणी नकलून घेऊन 'मेक मेन्युकॉन्फिग' ही आज्ञा दिली कीं, प्रश्नांची लांबलचक यादी उघडते. प्रत्येक भागाविषयीं बहुधा तीनच उत्तरें असतात : गाभ्यांतच बसवा, लागेल तेव्हां जोडतां येईल असा सुटा घटक करा, अथवा वगळा. येथेंच आमची चूक झाली. डिस्क व तिच्यावरील फाइल-व्यवस्था वाचणारे भाग आम्हीं सुटे ठेविले, आणि आरंभीं स्मृतींत चढणारें छोटेखानी तात्पुरतें भांडार, ज्यास इनिट-रॅम-एफएस म्हणतात, तें केलेंच नाहीं. 'मेक' म्हटल्यावर चार तास यंत्र राबलें; पुन्हां सुरू करितांच पडद्यावर 'कर्नल पॅनिक' हीं अक्षरें! पेटीची किल्ली पेटींतच ठेवून कुलूप लावावें, तसें हें झालें होतें. डिस्क वाचावयाचा घटक डिस्कवरच, आणि तो मिळविण्यास डिस्क आधीं वाचतां आली पाहिजे.

त्या यंत्रांत मुलांचा वर्षभराचा अभ्यास होता, आणि त्याची दुसरी प्रत आम्हीं काढली नव्हती. कांहीं वेळ घरांत कोणी बोललें नाहीं. परंतु जुना गाभा आम्हीं पुसला नव्हता. ग्रब या आरंभक आज्ञावलीच्या यादींतून तो निवडतांच संगणक पूर्ववत् उठला. पालकांनीं एवढें मात्र आग्रहानें पाहावें कीं, मुलानें या प्रयोगास हात घालण्यापूर्वीं महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे आणि जुना गाभा जागेवर आहे.

दुसऱ्या खेपेस ते भाग गाभ्यांतच बसविले व 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा वापरली. त्या क्षणीं वापरांत असलेलेच सुटे घटक ठेवून बाकीचे ती गाळते. म्हणून काम पाऊण तासांत आटोपलें. 'मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल', 'मेक इन्स्टॉल' झालें, यंत्र उठलें, आणि 'यूनेम' या आज्ञेस नव्या गाभ्याचा क्रमांक उत्तर म्हणून आला. कॅमेरा मात्र आंधळा! आज्ञा देतांना तो जोडलेला नव्हता, सबब त्याचा घटकही गाळला गेला होता. तिसरी खेप त्याच रात्रीं झाली.