गावाची वही

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि राजेमहाराजे यांची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु प्रत्येक गावास आणखी एक इतिहास असतो. तो ताम्रपटावर कोरलेला नसतो, की बखरीत लिहिलेला नसतो. त्या गावात वाढलेल्या आणि राबलेल्या माणसांच्या स्मरणात तो असतो. ती माणसे आहेत तोवर तो इतिहास जिवंत असतो. ती गेली की तोही त्यांच्याबरोबर जातो. मिरजेतील काही शाळासोबत्यांच्या ही गोष्ट उतारवयात ध्यानात आली, आणि त्यांनी तिच्यावर एक साधा उपाय योजला. त्याचीच ही हकीकत आहे.

मिरज हे सांगली जिल्ह्यातील, कृष्णा नदीजवळ वसलेले जुने शहर. येथील किल्ल्यास शिवाजी महाराजांनी १६६० च्या आरंभी वेढा घातला होता. परंतु सिद्दी जौहर चालून येत असल्याची वार्ता येताच त्यांनी तो उठविला आणि ते पन्हाळगडास गेले. पुढे पेशवाईत मिरज पटवर्धन सरदारांकडे आले. त्यांचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. एवढा इतिहास कोणत्याही ग्रंथालयातील पुस्तकांत सापडतो. त्या सोबत्यांना हवा होता तो इतिहास मात्र पुस्तकांत नव्हता.

ही मंडळी १९६७–६८ साली मिरजेतील एका शाळेत सातवीच्या वर्गात एकत्र शिकली होती. पुढे कोणी रेल्वेत गार्ड झाला, कोणी शेती पाहू लागला, कोणी सतारी घडविण्याचा घरचा धंदा सांभाळला. एकीने रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य वेचले, तर एकाने तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला. २०१८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांपैकी चौदा जण इतिहासशिक्षकाच्या घरी जमले. सर्वांचे केस पांढरे झाले होते. परंतु एकमेकांस हाका मारताना मात्र ते पुन्हा बारा वर्षांचे झाले.

बोलण्याच्या ओघात भूकंपाची गोष्ट निघाली, आणि तीवरून लगेच वादही झाला. शेतकरी म्हणाला, “तो भूकंप रात्री झाला. मी काळोखात आजीचा हात धरून बाहेर पळालो होतो.” परिचारिका म्हणाली, “छे रे! सकाळ होती ती. आई चूल पेटवायला उठली होती.” दोघांनाही आपापल्या आठवणीची पक्की खात्री होती. शेवटी शिक्षकाने कपाटातून एक पुस्तक काढले. कोयनेचा तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास झाला होता. कोयनानगरच्या परिसरात त्याने मोठी प्राणहानी झाली आणि त्याचे धक्के दूरदूरपर्यंत जाणवले. डिसेंबरातील सव्वाचारची वेळ म्हणजे मुलांच्या दृष्टीने रात्रच. पण चुलीपाशी वावरणाऱ्या आईचा दिवस तेव्हाच सुरू होत असे. दोघांच्याही आठवणी खऱ्या होत्या. केवळ त्यांची घरे निराळी होती.

“म्हणजे आपण दोघेही बरोबर!” शेतकरी हसून म्हणाला.

“हो,” शिक्षक म्हणाला, “पण पुस्तक नसते तर तुम्ही दोघे जन्मभर भांडत राहिला असता. आणि तुम्ही नसता, तर त्या पहाटे मिरजेच्या घराघरांत काय चालले होते, हे पुस्तकाने कधीच सांगितले नसते.”

हे वाक्य सर्वांच्या मनात ठसले. मग एकेक जण आपल्याजवळची गोष्ट अधिक काळजीपूर्वक सांगू लागला.

सतारी घडविणाऱ्या मित्राने आपल्या धंद्याची कुळकथा सांगितली. मिरजेतील शिकलगार पूर्वी तलवारी आणि भाले यांना धार लावीत. संस्थानांच्या फौजा कमी झाल्या, तसे शस्त्रांचे काम आटले. तेव्हा, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्याचे आणि पुढे नवी घडविण्याचे काम हाती घेतले, असे कारागिरांच्या घरी सांगतात. ज्या हातांनी पोलादाला पाणी दिले, तेच हात भोपळा आणि लाकूड यांतून सूर काढू लागले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर–मंगळवेढ्याकडील शेतांतून येतो. तो वाळवून, कापून त्यावर लाकडी तबली बसवितात, दांडी जोडतात, नक्षीकाम करतात आणि वर लाखेचा चकचकीत हात देतात. परंतु सर्वांत अवघड काम शेवटी असते. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीने अगदी हळूहळू घासावा लागतो. घासणे थोडे कमी झाले, तर स्वर मुका राहतो. थोडे अधिक झाले, तर तो फाटतो. यालाच जवारी काढणे म्हणतात.

“या कामाला माप नाही,” तो म्हणाला. “कान हेच माप. माझ्या वडिलांनी मला हे सांगितले नाही. शेजारी बसवून ऐकविले. माझा मुलगा नोकरीसाठी पुण्याला असतो. मी कोणाला ऐकवू?”

कोणीच काही बोलले नाही. पुढे २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये मिरजेचीच, अशी मोहोर त्यायोगे उमटली. परंतु कागदावरील मोहोर हातातील कसब टिकवू शकत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जावे लागते.

तंबोऱ्यावरून बोलणे साहजिकच खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्याकडे वळले. किराणा घराण्याचे हे थोर गायक मिरजेत राहत असत. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तेथील उरुसात दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. “खाँसाहेब मिरजेतच वारले,” असे एक जण म्हणाला. शिक्षकाने त्यास अडविले. खाँसाहेबांचे निधन २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत, मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता झाले. प्रकृती बिघडल्यामुळे ते सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्थानकावर उतरले, आणि फलाटावरच ईश्वराची आळवणी करीत त्यांनी देह ठेवला. नंतर त्यांना मिरजेस आणण्यात आले. जेथे कबर आहे तेथेच मृत्यू झाला असणार, असे मन सहज धरून चालते. म्हणून ऐकीव गोष्ट ताडून पाहावी लागते.

परिचारिकेने रुग्णालयाची हकीकत सांगितली. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले. त्याची कीर्ती पसरली, आणि आगगाडीने दूरदूरच्या गावांहून रुग्ण येथे येऊ लागले. मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन नसते, तर एवढ्या लांबचे रुग्ण येथवर पोहोचले असते काय, असा प्रश्न तिने विचारला. त्याचे उत्तर रेल्वेतील मित्राकडे होते.

तो म्हणाला, “आपल्या लहानपणी पुण्याकडून येणारे रूळ मीटरमापी होते, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असे. पंढरपूर–कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे १९२७ साली मिरजेस पोहोचली होती. तिच्या दोन रुळांत केवळ अडीच फूट अंतर. १९७१ साली पुण्याकडील मार्ग रुंद झाला, आणि तेथील अंतर साडेपाच फूट झाले. त्यानंतर काही वर्षे मिरजेच्या स्थानकात तिन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी होते. लोक ते कौतुकाने पाहत. परंतु एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळांवर जात नाही. मग माल पुढे कसा जाई? हमाल तो पाठीवरून नेत. एका वाघिणीतील पोती आणि ढेपा उतरवायच्या आणि पलीकडच्या वाघिणीत भरायच्या. दिवसरात्र हेच काम चाले.”

लातुरास पाण्याचा दुष्काळ पडला तेव्हाची गोष्टही त्याने सांगितली. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली आगगाडी लातुराकडे निघाली. पहिल्या फेरीस दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लक्ष लिटर पाणी होते. सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून ती दुसऱ्या दिवशी लातुरास पोहोचली. ज्या वाटेने पूर्वी छोटी गाडी डुलत डुलत जाई, त्याच पंढरपूर–कुर्डुवाडीच्या वाटेने ते पाणी गेले. मधल्या काळात तो मार्ग रुंद झाला होता. म्हणूनच मिरजेस भरलेली वाघीण कोठेही रिती न करता थेट लातुरास नेता आली.

यानंतर शिक्षकाने वर्गाचे एक जुने छायाचित्र पुढे ठेवले. त्यात अडतीस मुले-मुली होत्या. सर्वांनी मिळून नावे आठवावयास आरंभ केला. घटकाभरात सदतीस नावे जुळली. मागच्या रांगेत अगदी कडेला उभ्या असलेल्या एका मुलाचे नाव मात्र कोणालाच आठवेना. त्याचे अक्षर सुरेख होते, एवढे एकीस स्मरले. तो अनवाणी येई, असे दुसऱ्याने सांगितले.

रेल्वेतील मित्र बराच वेळ छायाचित्राकडे पाहत राहिला. मग तो हलकेच म्हणाला, “याचे वडील यार्डात हमाल होते. सातवीनंतर याने शाळा सोडली. पुढच्या वर्षी मी शाळेला निघालो असताना तो मला यार्डात दिसला. त्याच्या पाठीवर पोते होते. त्याने मला पाहून हात केला. मी मात्र थांबलो नाही. रेल्वेतील आयुष्यभराच्या नोकरीत तिन्ही मापांचे रूळ मला तोंडपाठ झाले. त्याचे नाव मात्र मी विसरलो.”

शिक्षक म्हणाला, “किल्ल्यास तट आहे, गवयास कबर आहे, रुग्णालयास नावाची पाटी आहे. ज्यांनी या गावाचा माल पाठीवरून वाहिला, त्यांच्यासाठी काय आहे? त्यांच्यासाठी फक्त आपली आठवण आहे, आणि तीही आता विरत चालली आहे.”

त्याच दिवशी त्यांनी एक जाड वही घेतली. त्या वहीत कसे लिहावयाचे, याचे तीन नियम शिक्षकाने घालून दिले. पहिला नियम असा, की स्वतः पाहिलेली गोष्ट आणि दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट वेगवेगळी लिहावी. दुसरा असा, की प्रत्येक गोष्टीखाली ती कोणी सांगितली आणि केव्हा सांगितली, हे नोंदवावे. तिसरा असा, की जेथे कागदाचा किंवा दगडाचा पुरावा मिळेल, तेथे आठवण त्याच्याशी ताडून पाहावी. मेळ न बसल्यास कोणतीही बाजू खोडू नये, दोन्ही लिहून ठेवाव्यात.

वहीतील पहिली नोंद करण्यापूर्वी दोघे जण शाळेत गेले. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने त्यांनी १९६८ सालचे जनरल रजिस्टर उघडले. पाने पिवळी पडली होती, कडा झिजल्या होत्या. तथापि शाई स्पष्ट होती. छायाचित्रातील सदतीस नावांवर खुणा करीत गेल्यावर एक नाव उरले. त्याच्यापुढे शाळा सोडल्याचे कारण दोनच शब्दांत लिहिले होते : ‘घरची अडचण’. रेल्वेतील मित्राने ते नाव दोनदा मोठ्याने वाचले. त्या मुलाचे कुटुंब पुढे मिरज सोडून गेले होते, आणि पुष्कळ चौकशी करूनही त्याचा ठावठिकाणा लागला नाही. परंतु गावाच्या वहीत सर्वांत आधी लिहिले गेले ते त्याचेच नाव, आणि त्याखाली त्याच्या वडिलांच्या कामाची हकीकत.

ती वही हळूहळू भरत गेली. सतारीच्या कारखान्यात दोन शाळकरी मुले सुट्टीच्या दिवशी घोडी घासण्याचा आवाज ऐकावयास येऊन बसू लागली. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांस मिळालेली उत्तरेही तीत उतरली. अशी वही कोणत्याही गावात लिहिता येते. तिला फार खर्च लागत नाही, की मोठी विद्वत्ता लागत नाही. एक वही, एक लेखणी आणि वडीलधाऱ्यांपाशी बसून नीट ऐकण्याची तयारी एवढे पुरते. मात्र हे काम उद्यावर टाकून चालत नाही. कारण कागद वाट पाहू शकतो, माणूस पाहू शकत नाही.

स्वाध्याय

१. भूकंपाच्या वेळेविषयी दोन मित्रांत वाद का झाला? दोघांच्याही आठवणी खऱ्या कशा ठरल्या?
२. रुळांची मापे वेगवेगळी असल्यामुळे मिरजेच्या स्थानकात कोणते काम करावे लागे?
३. लातुरास पाणी नेणाऱ्या गाडीतील वाघिणी वाटेत रित्या कराव्या लागल्या नाहीत, याचे कारण सांगा.
४. वही लिहिण्याचे तीन नियम कोणते? प्रत्येक नियमाचा उपयोग तुमच्या शब्दांत लिहा.
५. ‘कागद वाट पाहू शकतो, माणूस पाहू शकत नाही’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीस गावातील जुनी गोष्ट विचारा, आणि वरील तीन नियम पाळून ती दहा ओळींत लिहा.