नारिंगी शर्ट आणि आपण

सप्टेंबर सरत आला की आपल्या मराठी शाळेतल्या कुणा ना कुणा आईचा फोन येतोच. “३० तारखेला नारिंगी शर्ट घालून पाठवा म्हणून चिठ्ठी आलीय. पोरगी रात्री विचारत होती, मलाही घेऊन जातील का? एवढ्याशा मुलांना हे कशाला सांगतात हो? आणि आपला काय संबंध?”

लेक घाबरली असेल, तर आधी तिला जवळ घ्या. सात वर्षांच्या मुलीला कॅनडातल्या मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांजवळच्या थडग्यांच्या बातम्या नकोत. शर्टाची गोष्ट पुरे. १९७३ साली ब्रिटिश कोलंबियात फिलिस वेबस्टॅड या सहा वर्षांच्या मुलीला आजीने शाळेसाठी नवा नारिंगी शर्ट घेतला. अशाच एका निवासी शाळेत पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत मिळालाच नाही. आजीने आणलेला कपडा म्हणजे काय, हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. त्या शाळा आता बंद झाल्यात, तुला कुणी नेणार नाही, हेही सांगा.

पुढचं आपण मोठ्यांनी वाचायचं. पैसा सरकारचा, बहुतेक शाळा चर्चनं चालवलेल्या. दीड लाखाहून अधिक मूळनिवासी मुलं अशी घरापासून तोडली. घरची भाषा तोंडून निघाली की शिक्षा. शेवटच्या शाळा नव्वदच्या दशकात बंद झाल्या. तेव्हा आपल्यातले कितीतरी जण कॉलेजात होते! आपण दर शनिवारी बर्फातून गाडी काढून पोरांना ‘ळ’ आणि ‘ण’ शिकवायला आणतो, का तर आजीशी फोनवर बोलता यावं. त्या निवासी शाळांतली कितीतरी मुलं घरी परतली तेव्हा आजीशी बोलायला त्यांच्याकडे शब्दच उरले नव्हते. मला हेच सर्वांत जास्त लागतं.

आता संबंधाचं. आपण मिसिसॉगात राहतो. हे नाव ज्यांचं, ते मूळनिवासी लोक संपलेले नाहीत, हॅगर्सव्हिलजवळ राहतात. त्यामुळे घरात ‘रेड इंडियन’ हा शब्द नको, आणि ‘ते लोक असे असायचे’ हा भूतकाळही नको. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. शाळेत हा इतिहास शिकवा, ही ६२वी. शेवटची नागरिकत्वाच्या शपथेबद्दल. २०२१पासून त्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे हक्क आले आहेत. त्यानंतर ज्यांनी हात वर करून शपथ घेतली आणि घरी येऊन पेढे वाटले, त्यांनी ‘आपला काय संबंध’ विचारू नये. पाप आपलं नाही, कबूल. शपथ तर आपली आहे ना?

मीही पहिल्या वर्षी दुकानातून शर्ट आणला, लेकाला घातला आणि विषय संपवला होता. संध्याकाळी तोच मला समजावून सांगत होता.

ब्रँटफर्डला मोहॉक इन्स्टिट्यूट या अशाच एका निवासी शाळेची इमारत अजून उभी आहे, इथून गाडीने तासाभरावर. मोठ्या मुलांना घेऊन एखाद्या रविवारी जाऊ या. कोण कोण येताय ते कळवा, डबे मी करते.