ताका एक, नोंदी चार

बारावीचा निकाल लागला की सुरतच्या डिंडोलीतल्या आईबापांचा प्रश्न ठरलेला: पोरीला कॉम्प्युटरला घालतो, पण पुढे काम कसलं मिळणार? मी एक काम सुचवतो. क्लासच्या फलकावर ते सहसा दिसत नाही. एकाच धंद्यातली वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलती करायची, हे ते काम. जाहिरातीत ‘ईआरपी सपोर्ट’ किंवा ‘सिस्टिम इंटिग्रेशन’ असं लिहिलेलं असतं.

आपल्याकडचंच बघा. लूमवरून उतरलेला ग्रे कापडाचा ताका पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगायला-छापायला जातो आणि तिथून रिंगरोडच्या मार्केटात. लूमवाल्याच्या चलानावर ताके आणि मीटर, मिलच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉट नंबर, व्यापाऱ्याच्या टॅलीत बिल, ट्रकबरोबर ई-वे बिल. त्यात कापड प्रक्रियेत आटतं, म्हणजे गेलेले आणि आलेले मीटर सारखे नसतातच. ही घट कुणाच्या खात्यात, कुठल्या नावाने धरायची, हे आधी माणसांनी बसून ठरवावं लागतं. प्रोग्रॅम त्यानंतर. म्हणून ज्या घरात रोज ताका, लॉट, शॉर्टेज हे शब्द कानावर पडतात, त्या घरातल्या मुलीला निम्मं शिक्षण फुकटात मिळालेलं असतं. व्यापारी गुजरातीत सांगणार, मिलचा मास्टर हिंदीत, सॉफ्टवेअरची माहिती इंग्रजीत. खानदेशी घरातल्या, इथे मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना ही कसरत नवी नाही.

जीएसटी २०१७ साली आला आणि या कामाला निकड आली. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, काही अपवाद सोडले तर, दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या बिलाचं ई-इनव्हॉइस करावं लागतं. बिल जेसन नावाच्या ठरलेल्या साच्यात सरकारी पोर्टलवर जातं आणि ६४ अक्षरी क्रमांक व क्यूआर कोड घेऊन परत येतं. गिऱ्हाइकाचा पिनकोड त्याच्या राज्याशी जुळला नाही तरी बिल नाकारलं जातं. गाडी भरून उभी असते, तेव्हा चूक कुठल्या नोंदीत आहे हे शोधणाऱ्याची किंमत शेठला बरोबर कळते.

शिकायचं काय? सगळ्यात आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. मग एक्सएमएल आणि जेसन हे माहितीचे साचे, आणि एपीआय, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची वाट; टॅलीसुद्धा एक्सएमएलमधून माहिती देते-घेते. वीर नर्मद विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजातलं बीसीए पुरतं, आणि बीकॉमवाल्याने तर मुळीच मागे राहू नये. हिशेब कळणारा माणूस इथे जास्त चालतो असं माझं ठाम मत आहे. डेटाबेसची व्याख्यानं एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर फुकट ऐकता येतात. ‘तीन महिन्यांत नोकरीची गॅरंटी’ म्हणणाऱ्याला फी भरण्याआधी ती गॅरंटी लेखी मागा, चेहरा बघण्यासारखा होतो.

कामाचा जाच आहेच. जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखा जवळ आल्या की फोन थांबत नाही. सुरुवातीचा पगारही नातेवाइकांना सांगण्याजोगा नसतो. दोन-तीन धंद्यांची गुंतागुंत सोडवली की मग भाव येतो.

जमेल की नाही हे सुट्टीतच कळेल. ओळखीच्या लूमवाल्याकडून महिन्याभराची जुनी चलानं आणि मिलची बिलं मागून आणा. फुकट मिळणाऱ्या मायएसक्यूएलमध्ये त्यांची दोन टेबलं करा आणि कुठल्या लॉटमध्ये किती मीटर कमी आले ते काढून दाखवा. लॉट नंबर दोन्हीकडे वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेला असेल. तिथून पुढे मुलीला मजा येतेय की कंटाळा, तेवढं बघा.