दवाखान्याचा गुण कोठें मोजावा?

खेड्यांतील एखादा दवाखाना चांगला चालला आहे असें आपण कशावरून म्हणतों? बहुधा दारापुढील गर्दीवरून, किंवा वहींतील रोग्यांच्या संख्येवरून. परंतु जो आलाच नाहीं त्याचें नांव त्या वहींत नसतें. जें मूल उपजल्यावर चौथ्या दिवशीं घरींच गेलें, तें ह्या हिशेबांतून सुटतें.

गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेनें हा हिशेब गांवांतच मांडिला. १९९३ ते १९९५ ह्या काळांत ३९ गांवांत दर हजार जन्मांमागें ६२ मुलें पहिल्या २८ दिवसांत दगावत. पुढें गांवच्याच स्त्रियांना शिकवून तयार केलें. त्या घरीं जाऊन बाळाचें वजन करीत, ऊब व श्वास पाहत, आणि १९९६ पासून जंतुदोष झालेल्या बाळास सुईही टोंचीत. तिसऱ्या वर्षीं मृत्यूंचें प्रमाण साडेपंचविसांवर आलें.

येथें कोणी विचारील, कीं हें कामामुळेंच घडलें कशावरून? पीकपाणी चांगलें झालें असेल, रस्ता आला असेल! शंका रास्त आहे. म्हणूनच जेथें हें काम नव्हतें अशा शेजारच्या ४७ गांवांतही तशीच मोजणी चालू होती. तेथें प्रमाण ५८ च्या आसपास होतें, तें ६० च्या आसपासच राहिलें. ही दुसरी मोजणी नसती, तर पहिलीला फारसा अर्थ नव्हता. तसेंच एकाच गांवावरून निकाल देऊं नये; वर्षाला वीसपंचवीस जन्म होतात तेथें एखादें वर्ष मृत्यूवांचून सहजही जातें.

आणखी एक खोंच आहे. जें बाळ दोन श्वास घेऊन गेलें, तें 'मेलेलेंच उपजलें' असें लिहिलें, कीं मृत्यूंचा आंकडा आपोआप उतरतो. ह्यास्तव तेथें मृत उपजलेल्या मुलांचीही गणना केली; तीं व पहिल्या आठवड्यांतील मृत्यु मिळून होणारें प्रमाणही उतरलें होतें.

२०११ पासून सरकारनें ही रीत देशभर आशांकडे सोंपविली आहे. बाळंतपण घरीं झालें तर आशाताई बेचाळीस दिवसांत सात वेळां येते, दवाखान्यांत झालें तर सहा वेळां. मूल गेलेल्या घरीं कोणी तिला दारांतूनच परतवील. दुःख मोठें असतें, हें खरें. पण तिच्या वहींत तेवढीच एक ओळ कोरी राहते.