इंजिनाची जुळणी

ठाणे आणि कल्याण या भागाला यंत्रे नवीन नाहीत. १८५३ साली भारतातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली व पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्याची पहिली वसाहत ठाण्यातील वागळे इस्टेट येथे उभी राहिली. पुढे डोंबिवलीतही कारखाने आले. यंत्रांबरोबर ती दुरुस्त करणारे कारागीरही या भागात तयार झाले.

मोटारीचे जुने इंजिन खोलून ते पुन्हा जुळवणे ही त्यांची एक विद्या होय. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट गाडीवर मिस्त्रींच्या कित्येक पिढ्यांनी ही विद्या आत्मसात केली. हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडरांचे तिचे इंजिन साधे व सुटसुटीत होते. २०२३ साली तिची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली; पण जुळणीचे नियम मात्र बदललेले नाहीत.

नवशिक्या उमेदवारास वाटते, की इंजिन खोलणे हेच काम कठीण. वास्तविक पाना हाती असला म्हणजे नट कोणालाही सोडवता येतात. खरी कसोटी असते ती काढलेला प्रत्येक भाग कोठला, हे ध्यानात ठेवण्याची. म्हणून जाणता मिस्त्री त्याला प्रथम भागांवर खुणा करावयास व ते क्रमाने मांडावयास शिकवतो.

या क्रमाला कारण आहे. कनेक्टिंग रॉड व त्याची कॅप यांमधील गोल छिद्र दोन्ही एकत्र बसवूनच कातलेले असते. एका रॉडची कॅप दुसऱ्याला लावली, तर दोन्ही दिसतात सारखी. पण छिद्र अचूक गोल राहत नाही. मग बेअरिंग तापते व झिजते. व्हॉल्व्हचेही तसेच. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्याच बैठकीवर घासून बसवलेला असतो.

त्यानंतर मोजमाप येते. मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भागही मोजता येतो. सिलिंडर किती झिजला, हे डोळ्यांना कळत नाही. ते मापाने कळते. पिस्टनच्या रिंगा बसवताना त्यांच्या फटी एका रेषेत येऊ देत नाहीत, कारण त्या वाटेने दाब निसटतो. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करून आवळतात. एकच बाजू घट्ट केली, तर हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात मिसळते.

सर्व जुळवून झाल्यावर उमेदवार इंजिन प्रथम हाताने फिरवून पाहतो. ते अडले, तर त्यास पुन्हा खोलावे लागते. यात कमीपणा नाही. मेजावर सापडलेली चूक थोड्या श्रमात सुधारते. तीच चूक कसाऱ्याच्या घाटात उघडकीस आली, तर गाडी वाटेतच बंद पडते. ज्या टॅक्सीवर एखाद्याचे घर चालते, तिच्या चालकाची रोजची मिळकतही त्या दिवशी थांबते.

दुरुस्त झालेले इंजिन सुरू झाले, म्हणजे आतील एकही भाग दिसत नाही. तो नीट बसवला की नाही, हे केवळ बसवणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणूनच जे काम कोणी पाहणार नाही, तेही चोख करणे हा कारागिराचा पहिला धर्म होय.

स्वाध्याय
१. रॉडच्या कॅपांची अदलाबदल का करू नये?
२. हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने आवळतात? त्याचे कारण सांगा.
३. 'कोणी पाहणार नाही, तेही चोख करणे' याचे तुमच्या पाहण्यातील एक उदाहरण लिहा.