पाण्याचं विरजण

तळोजा फेज टूमधल्या आमच्या घरात हॉलची एक भिंत फार ओकीबोकी दिसायची. तिथं मासे हवेत, असं लेकीनं जाहीर केलं. एका रविवारी मी कुर्ल्याला गेलो आणि दोन फूट बाय एक बाय एकची काचेची टाकी, फिल्टर, रंगीत खडी आणि सहा गोल्डफिश एकाच खेपेत घरी आणले. संध्याकाळी टाकी भरली, रात्री मासे सोडले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अकराव्या दिवशी सहांतला एकच उरला. तो खारघरच्या मित्राच्या जुन्या टाकीत नेऊन सोडला आणि पुढचे अडतीस दिवस मी रिकाम्या टाकीची सेवा केली. घरच्यांच्या मते तो माझ्या आयुष्यातला सर्वांत विनोदी काळ होता. त्या काळात कळलेल्या या काही गोष्टी.

१. नितळ पाणी आणि चांगलं पाणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासे गेले तेव्हा टाकीतलं पाणी इतकं स्वच्छ होतं की आरपार पेपर वाचता आला असता. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, न खाल्लेले दाणे कुजतात त्याचाही अमोनिया होतो, आणि हा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. माझे मासे लालसर कल्ल्यांनी वर येऊन तोंडं उघडत होते आणि मला वाटत होतं, भूक लागली असेल. मग मी अजून दाणे टाकायचो. वर स्वच्छतेची हौस अशी की एक दिवसाआड फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवायचा. ज्यांनी येऊन राहावं आणि हा अमोनिया पचवावा, त्या जिवाणूंचं बिऱ्हाड मी दर दोन दिवसांनी क्लोरीनच्या पाण्यानं उठवत होतो.

२. घर चालवणारे दिसत नाहीत, आणि त्यांचं श्रेयही भलत्याच्याच नावावर लागतं. अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे. मधलं नायट्राइटही विषारीच. त्यानं माशाचं रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि भर पाण्यात मासा गुदमरतो. शेवटचं नायट्रेट त्या मानानं गरीब. दर आठवड्याला थोडं पाणी बदललं, मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली, की भागतं. ही कामं दोन निरनिराळे गट करतात, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्कीनं १८९० च्या सुमारास दाखवलं. दुसऱ्या पायरीचं श्रेय पुस्तकं पुढं जवळपास शंभर वर्षं नायट्रोबॅक्टरला देत राहिली. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या नीट तपासल्या, तेव्हा तिथं राबताना सापडला नायट्रोस्पायरा. २०१५ मध्ये तर त्याच कुळात दोन्ही पायऱ्या एकट्यानं उरकणारा निघाला. इतकी वर्षं हजेरीपटावर एक आणि कामावर दुसराच. हे वाचून मला आमचं ऑफिस आठवलं आणि या जिवाणूंबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

३. रिकाम्या टाकीलाही जेवू घालावं लागतं. जिवाणू वाढायचे तर त्यांना अमोनिया हवा, आणि मासे तर सोडायचे नाहीत. मग तो बाहेरून द्यायचा. या सगळ्या खटाटोपाला हौशी लोक ‘टाकी सायकल करणं’ म्हणतात. आई पहिले आठ दिवस समजत होती की मी नातीसाठी सायकल घेणार आहे. मी शुद्ध अमोनियम क्लोराइडची बाटली आणली. पन्नास लिटर पाण्याला एका वेळी अर्धा ग्रॅमही लागत नाही. आईला सांगितलं, हा आपला नवसागर. तिला लगेच कल्हईवाला आठवला. तापलेलं पातेलं, चिमूटभर नवसागर, पांढऱ्या धुराचा लोट, आणि कापसाचा बोळा फिरवला की आत चांदी. “तेव्हा भांडं तरी लखलखायचं,” ती म्हणाली. “तुझ्या टाकीत काय लखलखणार आहे?” मला उत्तर सुचलं नाही. आलेल्या पाहुण्यांना मात्र रोज सांगावं लागे की टाकी बिघडलेली नाही, मासे मुद्दामच सोडलेले नाहीत, आणि मीही ठीक आहे.

४. जे विकत मिळत नाही, ते मागून आणावं. दहा दिवस झाले तरी अमोनिया जागचा हलला नव्हता. आईनंच विचारलं, “अरे, विरजण कुठाय?” मी मनात हसलो आणि मग हसू गिळलं, कारण प्रश्न तंतोतंत बरोबर होता. खारघरच्या मित्राच्या सात वर्षं जुन्या फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून घेतला. टाकीच्याच पाण्यात बुडवलेला तो डबा मांडीवर धरून उत्सव चौक ते पेंधर मेट्रोनं आणला. झाकण उघडलं तर आत तपकिरी गाळ, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास. फरक इतकाच की दही एका रात्रीत लागतं आणि या मंडळींना नुसतं दुप्पट व्हायलाच दिवसभर लागतो. तेवढा धीर माझ्यात कुठला? मी रोज फिल्टरची जागा बदलायचो, खडी ढवळायचो. आई म्हणाली, विरजण लावलेलं भांडं हलवत नाहीत.

५. रंगांचे अर्थ जागेगणिक बदलतात. तपासणीच्या नळीत थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. अमोनियाच्या नळीत पिवळा रंग चांगला आणि हिरवा वाईट. नायट्राइटच्या नळीत जांभळा वाईट आणि आकाशी निळा चांगला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीतली भटकी कुत्री रंगाच्या द्रव्यानं निळी झाली होती, प्रदूषण नियंत्रण मंडळानं एक कारखाना बंद केला होता. ते फोटो पाहिलेल्या माणसाला निळा रंग सुखाचा वाटायला वेळ लागतो. सोळाव्या दिवशी नळी जांभळी झाली आणि त्यानंतर अडीच आठवडे जांभळीच राहिली. चौतिसाव्या दिवशी सकाळी ती निळी दिसली. मी बायकोला झोपेतून उठवून दाखवली. तिनं एक डोळा उघडून “छान” म्हटलं आणि कूस बदलली.

६. मशीन बंद पडलं की आधी दम कोंडतो तो न दिसणाऱ्यांचा. या जिवाणूंना भरपूर प्राणवायू लागतो. स्पंजमधून पाणी वाहायचं थांबलं तर काही तासांत ते गुदमरायला लागतात. जूनच्या पहिल्या वादळी पावसात लाइट गेली तेव्हा सगळं घर काळोखात चाचपडत होतं आणि मी बॅटरीवर चालणारा एअरपंप शोधत होतो. मेणबत्ती लेकीनं लावली. रिकाम्या टाकीसाठी इतकी धावपळ करणारा बाप तिनं त्या उजेडात जरा वेळ निरखून पाहिला. या जिवाणूंच्याच काळजीपोटी आताशा नळाला पाणी आलं की आधी बादली भरून ठेवतो आणि क्लोरीन मारायचे थेंब टाकल्याशिवाय एक तांब्याही टाकीत जाऊ देत नाही. क्लोरीन बिचारं आपलं काम करतं. जिवाणू मारायलाच तर ते घातलेलं असतं.

७. पेलवण्याला मर्यादा असते, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नदीच्या तळातल्या दगडमातीवर हेच जिवाणू राहतात आणि हेच काम करतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातही हवा सोडून असेच जीव पोसतात. पण तेही पेलेल तेवढंच करतात. आमची कासाडी नदी एमआयडीसीतून वाहत जाते. तिच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. पूर्वी पुलावरून जाताना मी नाक दाबायचो आणि तावातावानं बोलायचो. राग अजून येतो, पण आवाज थोडा खाली आला आहे. पन्नास लिटरांत सहा गोल्डफिश कोंबून “पाणी तर स्वच्छ दिसतंय” म्हणणारा माणूस मी स्वतःच होतो.

८. टाकीत खाणारी तोंडं जितकी, जिवाणूही तितकेच वाढतात, म्हणून तोंडं हळूहळू वाढवावीत. अडतिसाव्या दिवशी, आदल्या दिवशी दिलेला अमोनिया चोवीस तासांत संपला आणि नायट्राइटही शून्यावर आलं. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदललं आणि चार गप्पी मासे आणले. फक्त चार. लेकीचा चेहरा पडला, पण पंधरा दिवसांनी अजून चार आले, आणि त्यानंतरची भर त्यांनी आपली आपणच घातली. आमच्या वसाहतीचं मात्र उलटं झालं. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं भूमिपूजन २०११ मधलं, गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, आणि आम्ही राहायला आलो त्याच्या कितीतरी आधी. आम्हीही पाणी तयार व्हायच्या आत सोडलेले मासेच, फक्त चिवट निघालो.

९. उपदेश करण्यापेक्षा स्पंज देणं सोपं. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. पोराच्या वाढदिवसाला मासे हवेत आणि वाढदिवस रविवारी, म्हणून त्याचे बाबा मला टाकीबद्दल विचारायला आले. नायट्रोस्पायरापासून सुरुवात करावी असा मोह झाला होता. पण त्यांच्या चेहऱ्यावरची घाई माझ्या ओळखीची निघाली. मी उठून फिल्टर उघडला, अर्धा स्पंज कापला, टाकीचंच पाणी घालून पिशवीत बांधला आणि सांगितलं, रविवारी केक कापा, मासे नंतर बघू. ते निघाले तेवढ्यात आई आतून आली. दिवेलागणीची वेळ होती. “तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत,” ती म्हणाली, “चहा घ्या, अर्ध्या तासानं न्या.” ते गृहस्थ घड्याळाकडे बघत राहिले. मी पिशवीचं तोंड सोडलं, आत हवा जावी म्हणून, आणि चहाचं आधण ठेवायला उठलो.