माहितीपटानें इमान कोणाशीं राखावें?

गेल्या वर्षीं आमच्या नववीच्या वर्गांतील पांच मुलांनीं मोबाइलवर सात मिनिटांचा एक माहितीपट तयार केला. विषय निवडला होता तो शाळेच्या फाटकापाशीं बोरें, चिंचा आणि आवळे विकीत बसणाऱ्या मावशींचा. चित्रें सुरेख आलीं होतीं. मागें बासरीचे करुण सूर घातले होते आणि एक धीरगंभीर आवाज सांगत होता कीं, या बिचारीच्या नशिबीं उन्हातान्हांत बसणेंच आलें आहे. स्नेहसंमेलनांत तो पट दाखविला तेव्हां टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीहि मनापासून टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत कोणा मुलानें तो मावशींना दाखविला. त्यांनीं तो शेवटपर्यंत पाहिला आणि इतकेंच म्हटलें, "मी बिचारी आहे असं तुम्हांला कुणी सांगितलं रे? मला विचारायचं तरी."

त्या प्रश्नाचें उत्तर मुलांपाशीं नव्हतें; आणि खरें सांगावयाचें तर पट आधीं पाहून त्याला संमति देणाऱ्या आम्हां शिक्षकांपाशींहि नव्हतें. मुलांनीं जाणूनबुजून कांहीं वाईट केलें नव्हतें. माहितीपट असाच करावयाचा असतो, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत कोठून आली हें पाहूं लागलों, तेव्हां हा विषय वर्गांत एकदां नीट मांडला पाहिजे असें आम्हांस वाटलें. पुढें जें लिहिलें आहे तें त्याच पाठाचें विस्तृत टिपण होय.

प्रत्येक कलाप्रकाराचे कांहीं संकेत असतात. कीर्तनास बसलेल्या माणसाला पूर्वरंगानंतर उत्तररंग येणार हें ठाऊक असतें, नाटकांतील पात्र स्वगत बोलूं लागलें तर "हा एकटाच कां बडबडतो?" असें कोणी विचारीत नाहीं. माहितीपटाचेहि असेच संकेत आहेत. न दिसणारा निवेदक बोलतो. मुलाखत देणारा मनुष्य कॅमेऱ्याकडे न पाहतां किंचित् बाजूला पाहून बोलतो. जुनीं छायाचित्रें हळूहळू सरकतात. खालीं स्थळ आणि तारीख उमटते. घाईनें घेतलेलें दृश्य हललें तर तो दोष न ठरतां उलट खरेपणाची खूण ठरते. आमच्या मुलांचा तो धीरगंभीर आवाजहि वारसाहक्कानेंच आलेला. 1948 सालीं स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे पट चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वीं सक्तीनें दाखविले जात. पालकांपैकीं पुष्कळांच्या कानांत तो आवाज अजून घुमत असेल. पूर असो, धरण असो, कीं मंत्र्यांचा दौरा असो, सर्व कांहीं त्याच एका सुरांत! त्या आवाजाला कधीं शंका म्हणून येत नसे.

हे सारे संकेत मिळून पाहणाऱ्याला एक वचन देतात कीं, तुम्ही पाहतां तें घडलेलें आहे. आपल्याकडे या वचनाचा आरंभ बराच जुना आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं 1899 सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्रण केलें आणि 1901 सालीं केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचें. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. म्हणजे घडलेलें दाखविणारा पट आपल्या देशांत त्याच्या कितीतरी आधीं जन्मास आला होता. परंतु घडलेलें दाखवितों असें म्हणणारा मनुष्य कॅमेरा कोठें ठेवतो, केव्हां सुरू करतो आणि केव्हां थांबवितो, यांतच पुष्कळ कांहीं ठरून जातें.

आमच्या मुलांनीं संकेत सगळे पाळले आणि तरीहि तीं चुकलीं. म्हणून संकेत हौसेनें मोडणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचें उदाहरण आम्हीं वर्गापुढें ठेवलें. तें चेक प्रजासत्ताकांतील आहे. तेथील राजधानी प्राग येथें 'फामू' नांवाची 1946 पासून चालत आलेली चित्रपटशाळा आहे. वीत क्लुसाक आणि फिलिप रेमुन्दा या तिच्या दोन विद्यार्थ्यांनीं केलेला 'चेस्की सेन', म्हणजे 'चेक स्वप्न', हा सुमारे दीड तासाचा माहितीपट 2004 सालीं प्रदर्शित झाला. त्या देशांतील साम्यवादी राजवट 1989 सालीं गेली. ज्या लोकांनीं पूर्वीं साध्यासुध्या वस्तूंसाठीं रांगा लावल्या होत्या, त्यांच्या शहरांतून पुढें अवाढव्य दुकानें उभीं राहिलीं, आणि सुटीच्या दिवशीं सहकुटुंब तेथें जाणें हीच अनेकांची करमणूक होऊन बसली. जाहिरातीच्या बळावर माणसाला कोठवर नेतां येतें, हें या दोघांना पाहावयाचें होतें.

रूढ पद्धतीनें हा विषय हाताळला असता तर एखाद्या प्राध्यापकाची मुलाखत, दुकानांतील गर्दीचीं चित्रें, आंकड्यांचा तक्ता आणि शेवटीं निवेदकाचा उसासा, एवढ्यावर काम भागलें असतें. या दोघांनीं एक दुकानच काढलें. म्हणजे काढल्याचें सोंग केलें. कॅमेऱ्यासमोर केस कापून घेऊन आणि भारी पोशाख चढवून ते विद्यार्थ्यांचे व्यवस्थापक झाले. खऱ्याखुऱ्या जाहिरात-संस्थेकडून त्यांनीं मोहीम आंखून घेतली. रस्त्याच्या कडेला फलक लागले, दूरचित्रवाणीवर जाहिराती झळकल्या, दोन लक्ष पत्रकें वांटलीं गेलीं, दुकानाचें गीतसुद्धां तयार झालें. फलकांवर लिहिलें होतें तें काय? येऊं नका, धांवूं नका, खर्च करूं नका! वर्गांतील एका मुलीनें ताबडतोब ओळखलें कीं, या जाहिरातीचें अक्षर न् अक्षर खरें होतें. लोकांनीं मात्र त्याचा उलटा अर्थ घेतला, कारण कोणताहि दुकानदार मनापासून 'येऊं नका' असें म्हणत नाहीं, हा जाहिरातीचा संकेत त्यांच्या अंगवळणीं पडला होता.

31 मे 2003 रोजीं प्रागच्या लेतन्यानी भागांतील एका मोकळ्या माळावर तीन हजारांहून अधिक लोक पिशव्या घेऊन जमले. दूरवर दुकानाची रंगीबेरंगी दर्शनी भिंत दिसत होती. फीत कापली गेली आणि लोक गवतांतून निघाले. तरुण धांवत सुटले, त्यांच्या मागून काठ्या टेकीत म्हातारीं माणसें. जवळ जाऊन पाहतात तों शंभर मीटर लांब आणि दहा मीटर उंच असें नुसतें कापड, आणि त्याच्या पाठीमागें तें ताणून धरणारी परांची. दुकान नव्हतेंच.

कोणी हंसले. कोणी म्हणाले, चला, निदान मोकळ्या हवेंत फिरणें तरी झालें. पुष्कळ जण संतापले. युरोपीय संघांत सामील व्हावें कीं नाहीं यावरील सार्वमत 13 व 14 जूनला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांवर आलें होतें आणि सरकार त्यासाठीं जाहिरात करीत होतें. तेव्हां, आम्हांला असेंच तिकडेहि नेत आहेत, असें म्हणणारेहि त्या गर्दींत निघाले. हे दोघे विद्यार्थी मात्र पळून गेले नाहींत. ज्यांना फसविलें त्यांच्यासमोर ते उभे राहिले आणि त्यांचे बोल त्यांनीं ऐकून घेतले, हें त्यांच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.

या पटानें मोडलेला मोठा संकेत कोणता, असें विचारतां वर्गानें एकमुखानें उत्तर दिलें कीं, घडलेलें टिपण्याऐवजीं यांनीं घडवून आणून टिपलें. उत्तर बरोबर आहे, पण अपुरें आहे. घडविलेला प्रसंग सोडला तर त्यांतील बाकीची मांडणी अगदीं रूढ आहे. घटना क्रमानें येतात, सामान्य माणसें कॅमेऱ्यासमोर बोलतात, बैठकी चाललेल्या असतांना कॅमेरा एका बाजूनें पाहत राहतो. शिवाय पट सुरू होतांच ते दोघे रिकाम्या माळावर उभे राहून येथें दुकान नाहीं आणि होणारहि नाहीं, हें प्रेक्षकाला सांगून टाकतात. प्रेक्षकापासून त्यांनीं कांहींहि लपविलें नाहीं. त्यांतील एक प्रसंग तर फारच मार्मिक आहे. पत्रकांत काय लिहावें यावर चर्चा चालली असतां जाहिरातवाले अडून बसतात आणि सांगतात कीं, आम्ही खोटें बोलत नाहीं, तुम्ही चित्रपटवाले बोलत असाल! नसलेल्या दुकानाची जाहिरात करणारीं माणसें हें सांगत आहेत, हें पाहून वर्ग पोट धरून हंसला. पण त्या हंसण्यांत आमच्याकडे, म्हणजे माहितीपटाकडेहि, एक बोट वळलेलें आहे.

तें समजण्यासाठीं फार मागें जावें लागतें. रॉबर्ट फ्लॅहर्टी या अमेरिकन गृहस्थाचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा पट 1922 सालीं निघाला. कॅनडाच्या उत्तरेस हडसन उपसागराच्या कांठीं राहणाऱ्या इन्युइट लोकांचें जीवन त्यांत आहे, आणि दीर्घ माहितीपटांचा तो मूळपुरुष मानला जातो. त्यांतील नायक नानूक याचें खरें नांव अल्लाकारिअल्लाक. त्या लोकांच्या हातीं तोंवर बंदुका आल्या होत्या. परंतु फ्लॅहर्टीनें शिकार जुन्या पद्धतीनें, भाल्यानें करविली. बर्फाच्या घरांत उजेड पुरेना, म्हणून अर्धें घर उघडें ठेवून बांधविलें आणि तें कुटुंब त्यांत झोपेंतून उठत असल्याचें दाखविलें. याच फ्लॅहर्टीच्या पुढच्या पटाविषयीं 1926 सालीं लिहितांना जॉन ग्रिअर्सन यांनीं 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला, आणि तो या प्रकाराला चिकटला. म्हणजे घडवून आणण्याची खोड या घराण्यांत पहिल्या पिढीपासूनच आहे.

आतां हे दोन पट शेजारीं ठेवून पाहा. नानूक आणि त्याची मंडळी त्या सोंगांत समजून-उमजून सामील होतीं. अंधारांत राहिला तो तिकीट काढून आलेला प्रेक्षक. 'चेक स्वप्ना'त प्रेक्षकाला सर्व ठाऊक आहे. अंधारांत आहेत तीं गवतांतून चालणारीं माणसें. एकानें पाहणाऱ्याला दिलेलें वचन मोडलें, दुसऱ्यानें ज्याला दाखविलें त्याचा विश्वास मोडला. माहितीपट दोघांनाहि बांधलेला असतो, आणि संकेतांची यादी तपासून तो कोठें चुकला हें कळत नाहीं. निवेदक आहे कीं नाहीं, कॅमेरा हलतो कीं नाहीं, हे प्रश्न दुय्यम आहेत. आमच्या मुलांनीं मावशींना न विचारतां त्यांच्यावर दुःख लादलें आणि तेंच खरें म्हणून आम्हांला दाखविलें. त्यांच्या हातून दोन्हीकडचें इमान सुटलें होतें, आणि तें संकेत बिनचूक पाळीत असतांना.

एका मुलाचें म्हणणें असें पडलें कीं, लोकांना आधीं सांगितलें असतें तर त्या माळावर कोणी आलेंच नसतें, आणि जाहिरातीचें बळ दिसलेंच नसतें. हा मुद्दा खरा आहे, आणि त्याला पुरतें उत्तर आम्हांलाहि देतां आलेलें नाहीं. तरी आमचें मत असें कीं, त्या काठी टेकीत आलेल्या माणसांची पायपीट हें कांहीं जाहिरात-संस्थेचें नुकसान नव्हे; शिकविण्याच्या हेतूनें आरंभलेल्या कामाचा सर्वांत मोठा भार ज्यांना तो सोसणें सर्वांत कठीण त्यांच्यावर पडला. पट बुद्धिमान आहे, धीट आहे, आणि तो मुलांना अवश्य दाखवावा. पण दाखवितांना त्या म्हाताऱ्यांच्या दृश्यापाशीं क्षणभर थांबावें.

पाठ संपल्यावर तीं पांच मुलें आपण होऊन मावशींकडे गेलीं. मावशींनीं अटी घातल्या. बासरी नको, बोरें कोठल्या झाडाचीं आणि तीं पहांटे कोण उतरवितें तें सांगा, आणि मधल्या सुटींत येऊं नका, तेव्हां गिऱ्हाईक असतं. नव्या पटांत निवेदक नाहीं, बोलतात त्या मावशीच. मध्येंच एकदां गर्दी झाली तेव्हां त्यांनीं चित्रण करणाऱ्या मुलाला हांक मारून हातांतला मोबाइल खालीं ठेवावयास लावला आणि तागडी धरावयास दिली. त्यामुळें मिनिटभर पडद्यावर नुसतें आभाळ आणि चिंचेची फांदी दिसते, आणि मागून चिल्लर मोजल्याचा आवाज येतो. मुलांचा विचार तो भाग कापण्याचा होता. मग त्यांनीं तो तसाच ठेवला.